सूर्यावरचा वायू, मुक्काम पोस्ट विजयदुर्ग

देवगड तालुक्याच्या मते देवगड तालुक्याने जगाला दोन गोष्टी दिल्या: हापूस आणि हेलियम. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हेलियमसाठी अजून कोणी अर्ज केलेला नाही, पण ग्रामसभेत विषय निघालाच तर ठराव एकमताने मंजूर होईल. कोकणात एकमत किती दुर्मीळ असतं, हे ज्यांच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत त्यांना मी काय सांगणार.

गजाल अशी. विजयदुर्ग किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत. त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नॉर्मन लॉकियर नावाचा गोरा साहेब या कट्ट्यांवर दुर्बीण रोवून बसला आणि त्याला सूर्यात हेलियम सापडला. म्हणून अलीकडे दर 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. शाळेची मुलं येतात, पाहुणे येतात, आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचं महत्त्व सांगणारी भाषणं होतात.

गजालीत काडीइतकीच खोट आहे. साहेब त्या दिवशी विजयदुर्गात नव्हता. साहेब लंडनला होता.

मुळात तो तेव्हा साहेबही नव्हता. बत्तीस वर्षांचा लॉकियर ब्रिटिश युद्धखात्यात कारकून होता. दिवसा फायली, उरलेल्या वेळात सूर्य. सूर्याचा उजेड फोडून त्यातल्या रंगरेषा वाचायला त्याने एक खास वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता, आणि कारागीर आज देतो, उद्या देतो करत होता. ग्रहण होऊन गेलं, दोन महिने उलटले, तेव्हा कुठे ऑक्टोबरच्या मध्यावर यंत्र हातात पडलं. आपल्याकडे गणपतीला शिवायला टाकलेला सदरा दिवाळीला मिळाला की आपण शिंप्याला चार शब्द ऐकवतो. लॉकियरने 20 ऑक्टोबरला यंत्र सूर्याकडे लावलं, आणि ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळा त्यातून वाचता आल्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांना लागून होती, पण त्यांच्यात बसत नव्हती.

आता थोडं पंचांग. 18 ऑगस्ट 1868 म्हणजे श्रावणातली अमावास्या, गणपती चार दिवसांवर. त्या दिवसांत विजयदुर्गच्या किनाऱ्यावर सूर्य बघायला मिळेल या भरवशावर लंडनहून कोणी बोटीने निघेल? आमच्याकडे तेव्हा वाळत घातलेला पंचाही सुकत नाही. मी हा मुद्दा किल्ल्याच्या पायथ्याशी चहा पिता पिता तिथे बसलेल्या एका आजोबांपुढे मांडला.

"म्हणजे सायब हय इलोच नाय म्हणतंस?"

"आले होते आजोबा, पण तीस वर्षांनी. 1898 साली."

"इलो ना पण?"

"आले."

"मगे झाला तर. तेवा बोटी खय वेळेर येयत. सायबाक उशीर झालो आसतलो."

तीस वर्षांच्या उशिराबद्दल कोकणी माणूस इतक्या समजुतीने बोलतो, याचं कारण त्याचा दिवाणी न्यायालयाशी असलेला जुना संबंध. मी तरी नेट धरून विचारलं, की बरं, समजा आले 1868 लाच, तर श्रावणात सूर्य दिसला कसा? आजोबांनी बशी खाली ठेवली. "आमका दिसणा नाय. सायबाक दिसता."

यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खरं तर 1868 च्या त्या ग्रहणाच्या निमित्ताने हिंदुस्थानात साहेबांची जत्राच भरली होती. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला येऊन बसला होता. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. ज्या हर्शेलने युरेनस शोधला त्याचा लेफ्टनंट नातू जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, ढगांशी झगडत होता. तिकडे सयामचा राजा मोंगकुट स्वतः गणित मांडून ग्रहणाची वेळ काढून बसलेला. परदेशी पाहुण्यांना निमंत्रणं धाडून त्याने दलदलीच्या किनाऱ्यावर सरबराई केली. गणित बरोबर आलं, ग्रहण वेळेवर लागलं, आणि राजाला तिथल्या डासांनी मलेरिया दिला. ऑक्टोबरात राजा गेला. ग्रहणात बाहेर पडू नये म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना हा दाखला वेळेवर मिळाला असता तर त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या वापरला असता.

जान्सेनलाही गुंटूरला सुचलं होतं, की या ज्वाळा पाहायला ग्रहणाची गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या उघड्या सूर्यात पाहिल्याही. त्याचं पत्र पॅरिसला पोचायला एवढा वेळ लागला, की ते आणि लॉकियरचं पत्र विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आलं. एवढ्यावरून दोन देशांत चांगलं भांडण लागू शकलं असतं. फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरलेलं पदक काढून विषय मिटवला. ही तोड आमच्या तालुक्यात कोणाला सुचली असती तर निम्मे कुळकज्जे निकाली निघाले असते.

पिवळ्या रेषेचा धनी मात्र कोणी सापडेना. लॉकियर आणि रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत नाना वायू तापवून पाहिले, रेषा येईना. शेवटी हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य आहे असं धरून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं बारसं झालं. पुढची कैक वर्षं लोक हसत होते. 1895 साली रॅमसे या रसायनतज्ज्ञाला क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा हसणारे गप्प झाले. सत्तावीस वर्षं ज्याचा जमिनीवर पत्ता नव्हता, असा हा वायू.

आणि आता खरा विजयदुर्ग. मला सगळ्यात गंमत याची वाटते, की खोट्या गजालीपेक्षा खरी गोष्ट जास्त चांगली आहे आणि ती कोणी सांगत नाही.

लॉकियर ग्रहणांच्या मागे अर्धं जग फिरला होता आणि त्याच्या नशिबात बहुतेक वेळा विघ्नं होती. 1870 साली सिसिलीला निघाला, तर बोट किनाऱ्यावर आपटली. पुढे ग्रहण ढगांनी गिळलं. 1871 च्या डिसेंबरात तो हिंदुस्थानात आला, तेव्हा जागा निवडली कासरगोडजवळचा बेकल किल्ला. म्हणजे पश्चिम किनारा आणि समुद्रात घुसलेले बुरूज यांची त्याला जुनीच ओढ. 1896 साली नॉर्वेला नौदलाचे खलाशी हाताशी घेऊन गेला, तिथे पुन्हा ढग. पुढच्या वर्षी तो सर नॉर्मन झाला, आणि 'नेचर' नावाचं नियतकालिक त्याने 1869 साली काढलं होतं, ते चालूही होतं. विज्ञानाचं नियतकालिक जवळजवळ तीस वर्षं चालवलेल्या माणसाला ढगांचं भय काय?

मग 22 जानेवारी 1898. पौषातली अमावास्या, आंब्यांना मोहर, आभाळ लख्ख. ब्रिटिश आरमाराचं मेल्पोमिनी हे जहाज विजयदुर्गच्या बंदरात उभं राहिलं. जहाजाचे अधिकारी आणि खलाशी किल्ल्यावर चढले. लॉकियरने त्यांची कवायत घेतली: तू घड्याळ धर, तू पट्टी सरकव, तू प्रभामंडळाचं चित्र काढ. तोफा डागायला शिकलेल्या माणसांना पेन्सिली दिल्या. 1756 साली याच विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले होते आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळून गेले होते. त्याच ब्रिटिश आरमाराची पुढची पिढी सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच बुरुजांवर पेन्सिली परजून सूर्याची वाट बघत बसली. काळोख जेमतेम दोन मिनिटांचा. पण या वेळी ढग आले नाहीत. कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहण खरं. फक्त तोवर हेलियम सापडून तीस वर्षं आणि हाती येऊन तीन वर्षं झाली होती.

त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ देऊन होते. हा आपला माणूस, आपल्या वेधशाळेचा. जेऊरकर मात्र कुठल्याही वायूवर हक्क सांगत नाहीत. हक्क सांगायला लागणारा समुद्राचा वारा त्यांच्याकडे नाही.

असो. वायूचं पुढे काय झालं ते पाहू. हेलियम हा शुद्ध चाकरमानी आहे. वजनाने हलका, कोणाशी फारसा जुळवून न घेणारा, दार जरा किलकिलं राहिलं की निसटणारा, आणि एकदा वर गेला की परत न येणारा. चाकरमानी निदान गणपतीला येतो. हेलियम थेट पृथ्वीच्या बाहेर जातो. उरलेला आम्ही एमआरआयच्या यंत्रात डांबतो, कारण तिथले चुंबक उणे 269 अंशांपर्यंत गार ठेवायला त्याच्याइतका थंड डोक्याचा दुसरा कोणी नाही. देवगडचा माणूस कंबर दुखते म्हणून कोल्हापूरला जाऊन एमआरआय करून येतो आणि बिल पाहून हळहळतो. आपल्याच वायूचे एवढे पैसे!

राहिला फुगा. जत्रेतल्या फुग्यात बहुधा हेलियम नसतो, तो महाग. तिथे हायड्रोजन असतो, आणि म्हणून विडी पेटवणाऱ्या मामाला फुग्यांपासून लांब उभं करावं. पण जगाने हेलियमची ओळख फुग्यानेच करून घेतली, आणि वर सुटलेल्या फुग्यांवरून एक गाणं झालं. ते तुम्ही नक्की ऐकलेलं आहे, निदान त्याची चाल तरी.

1982 च्या जून महिन्यात पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. शेवटी फुगे सोडले. गर्दीत कार्लो कार्गेस नावाचा गिटारवादक होता. सगळे नाचत असताना हा वर बघत राहिला. फुग्यांचा थवा वाऱ्याने वाकडातिकडा होत निघाला होता. याच्या मनात आलं: हे भिंतीपलीकडे गेले तर? पलीकडे पूर्व जर्मनी, त्यामागे रशिया. रडारवर बसलेल्या शिपायाला हे काय वाटेल? तिथून '99 लुफ्टबलॉन्स' जन्मलं. फुगे सुटतात, सेनापतीला उडती तबकडी वाटते, विमानं पाठवली जातात, मंत्र्यांना चेव येतो, आणि शेवटी जग उद्ध्वस्त. सिंथेसायझरवर अशी उड्या मारणारी चाल, की ऐकणारा नाचतो आणि जग संपलेलं त्याच्या लक्षातच येत नाही.

नेना या गायिकेने आणि तिच्याच नावाच्या बँडने हे 1983 साली आणलं आणि जर्मनीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत, तेही जर्मन भाषेत. एकालाही शब्द कळत नव्हता. इंग्रजी रूप मागाहून निघालं. त्यात फुगे लाल झाले. मूळ गाण्यात फुग्यांना रंगच नाही. बँडला ते इंग्रजी रूप फारसं रुचलं नाही, ब्रिटिशांनी मात्र त्याला पहिला क्रमांक दिला. शब्द न कळता गाणं डोक्यावर घेण्यात आपणही मागे नाही. आमच्या गावच्या वरातीत काय काय वाजतं, त्याचे अर्थ भटजींना सांगितले तर लग्न मोडेल.

गाणं आलं त्याच वर्षी कार्गेसची कल्पना खरी होता होता राहिली. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री रशियाच्या उपग्रहांनी कळवलं, की अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडलंय. मग आणखी चार. कामावर होते स्तानिस्लाव पेत्रोव. त्यांनी डोकं खाजवलं. युद्ध सुरू करायचं तर कोणी पाचच का सोडेल? त्यांनी वर कळवलं की यंत्र बिघडलंय. यंत्राला दिसलं होतं ते उंच ढगांवरून परतलेलं ऊन. म्हणजे फुगाही नाही, नुसता सूर्य. ज्या सूर्याच्या एका रेषेवर लॉकियरने कारकुनीतून सरकीपर्यंत मजल मारली, त्याच सूर्याच्या एका कवडशाने पेत्रोवसकट सगळ्यांना खलास केलं असतं.

आणि मग 2023. चीनचा एक पांढरा अवाढव्य फुगा अमेरिकेवरून निवांत चालत गेला. 4 फेब्रुवारीला त्याला अमेरिकेच्या लढाऊ विमानाने समुद्रावर पाडलं. त्यानंतर रडारवाल्यांना जिथे तिथे काही ना काही दिसायला लागलं. पुढच्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवसांत तीन वस्तू पाडल्या. ह्यूरॉन सरोवरावरच्या वस्तूला पहिलं क्षेपणास्त्र लागलंच नाही, दुसरं वापरावं लागलं. एका क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरच्या पुढे. त्याच दिवसांत नॉर्दर्न इलिनॉय बॉटलकॅप बलून ब्रिगेड नावाच्या हौशी मंडळाचा एक चंदेरी छोटा फुगा अलास्काजवळ दिसेनासा झाला. अशा फुग्यांची किंमत बारा डॉलरपासून सुरू होते. वाऱ्याच्या हिशेबाने त्याने त्या वेळी युकॉनवर असायला हवं होतं, आणि नेमकी युकॉनवरच त्या दिवशी एक वस्तू पाडली गेली होती. तोच फुगा तो, असं कोणी शपथेवर सांगितलेलं नाही. मंडळाने मात्र आपला फुगा बेपत्ता झाल्याचं रीतसर नोंदवलं. कार्गेस 2002 सालीच वारला होता, नाहीतर त्याने मानधन मागितलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की आकाशात काही दिसलं की माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर त्याच्यावर नेम धरतो, नाहीतर सातबारा काढतो. पहिल्यापेक्षा दुसरं कमी खर्चाचं आहे, म्हणून हेलियम दिनाला माझा पाठिंबा आहे.

तिसरा प्रकारही असतो म्हणा. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आकाशातून धातूचं कडं पडलं, माणसाच्या उंचीहून मोठं. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष. रॉकेटात असे गोळे दाबाखालचा वायू साठवायला असतात, आणि तो वायू बहुतेक वेळा हेलियम. म्हणजे पाडव्याला महाराष्ट्राच्या वाट्याला आकाशातून हेलियमची रिकामी भांडी आली. गावकऱ्यांनी काय केलं? बघायला गर्दी केली, आणि ते कडं पोलीस ठाण्यात गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्याने नेलेली एक मोठी कुपी शेतात उतरली. तिथेही उडती तबकडी आली म्हणून गर्दी. मंत्र्यांना चेव आला नाही, विमानं उडाली नाहीत. लोकांनी आलटून पालटून फोटो काढले. नाटोला या दोन गावांच्या सरपंचांचे नंबर द्यायला हरकत नाही.

आता हेलियम दिनाच्या कार्यक्रमाबद्दल माझी एक सूचना. हेलियम हुंगून बोललं की आवाज चिरका होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. घशातल्या पट्ट्या पूर्वीइतक्याच वेगाने थरथरतात, पण हेलियममध्ये ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने पळतो, त्यामुळे तोंडाच्या पोकळीत घुमणारे सूर वर चढतात. उलट सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा जड वायू घेतला की आवाज खाली उतरतो. दशावतारात या दोन्हींना उत्तम वाव आहे. संकासुराला जड वायू द्यावा, नारदाला हेलियम. नारद "नारायण नारायण" म्हणत रंगमंचावर आला, की मागच्या रांगेतली झोपलेली पोरंही जागी होतील. पेटीवाल्याला मात्र सूर लावणं अवघड जाईल. धंद्यातली माणसं आहेत, सांभाळून घेतील.

हे सगळं मी त्याच चहाच्या टेबलावर आजोबांना सांगितलं. सिलिंडरला थेट तोंड लावू नये, फुफ्फुसं फाटतात, आणि फुग्यातूनही दोन घोटांपुढे जाऊ नये, प्राणवायू कमी पडतो, हेही सांगितलं. शिवाय हेलियमचा आवाज अर्ध्या मिनिटात ओसरतो, म्हणजे भाषण अर्ध्या मिनिटात आटपायला हवं. आजोबा पहिल्यांदाच गंभीर झाले.

"म्हणजे फुगो संपलो की भाषण संपला?"

"हो."

"मगे ह्या इतकी वर्सां खय होता?" आणि मग थोडा विचार करून, "पण माका सांग, अध्यक्षांक फुगो केवढो देवचो?"